पाचर

बैठकीच्या खोलीत, बरोबर मध्येही नाही,
मध्यापासून दीड हात खिडकीकडे सरकून
हा खांब उभा.
पाहुणा बूट काढता काढताच विचारतो,
हा इथे कशाला?

सासऱ्यांनी लावला. बासष्टचा हिवाळा.
हेक्टर मॅकईकर्न रात्रपाळीहून आले,
डोक्यावरचा दिवासुद्धा न काढता
तुळईखाली उभे राहून कितीतरी वेळ ऐकत राहिले म्हणे,
आणि दुसऱ्या दिवशी खाणीतला एक टेकू,
स्प्रूसचा, अर्धी साल तशीच,
खांद्यावर टाकून घरी घेऊन आले.
ग्लेस बेच्या पोटातला कोळसा केव्हाच काढून झालाय,
आम्ही पोकळीवर बसून चहा पितो.
लोखंड मुकं असतं, ते सांगायचे,
लाकूड मोडायच्या आधी बोलतं.
बोललं की पळायचं.

मी या घरात आले
आणि माझं पहिलं भांडण नवऱ्याशी नाही, याच्याशी झालं.
सोफा कसाही लावा, एक माणूस याच्या आड.
हॉकी लागली की मैदानाची एक चीर दिसायची नाही,
गोल नेमका तिथेच व्हायचा.
पांढरा रंग दिला, तर जास्तच डोळ्यात आला.
भिंतीसारखा पिवळट दिला, आजारी दिसायला लागला.
वेल चढवली, मेली.
ॲलिस्टर चार वर्षांचा असताना धावत येऊन आपटला,
चार टाके, वर्षाला एक.
मांजर सोडलं तर कुणाच्या कामाचा नाही,
आणि काढू या म्हटलं की लॉकलनचं ठरलेलं:
"बाबांनी ऐकलं होतं."

त्यापुढे काय बोलणार?

यंदा मे महिन्यात तो डोळे दाखवायला हॅलिफॅक्सला गेला,
तेवढ्यात मी इंजिनियर बोलावली.
सिल्वी बुद्रो, शेटिकँपची, माझ्या मुलीपेक्षा लहान.
तळघरात गेली, टॉर्च फिरवला,
वर येऊन शिडीवर चढली,
खिशातून कॉफीची पावती काढली
आणि खांबाच्या माथ्यावरून, तुळईच्या खालून
या बाजूने त्या बाजूला सरकवली.
लोण्यातून सुरी जावी तशी गेली.
"मावशी, हा काहीच उचलत नाहीये."
"कधीपासून?"
"काय सांगू? कदाचित कधीच नसेल उचलत.
तुळई भक्कम आहे, तिचं ती बघते.
उद्यासुद्धा काढता येईल."

साठ वर्षं वळसा घालत आलो आम्ही,
ताट घेऊन, पोरं घेऊन,
सासऱ्यांची शवपेटीसुद्धा तिरकी करून बाहेर नेली होती.

संध्याकाळी लॉकलन आला.
डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं धूसर,
दारापासून चाचपडत
हात नेमका खांबावर.
एका हाताने धरून त्याने एक बूट काढला, मग दुसरा,
मग कपाळ टेकवून नुसता उभा राहिला,
अडुसष्ट वर्षांचं सगळं वजन त्याच्यावर टाकून.
मी तोंड उघडलं.
म्हटलं, "सूप गरम करू?"

रात्री तो घोरायला लागल्यावर
तळघरातून ओकची एक पाचर आणली,
हातोड्याला लोकरी मोजा चढवला,
आणि शिडीवर चढले, या गुडघ्यांनी.
पावती तिथेच राहिली होती, अर्धी बाहेर.
दोघांच्या मध्ये पाचर मारू नये म्हणतात.
मी मारली.
पहिला ठोका, काही नाही.
दुसरा, थोडी धूळ.
तिसऱ्याला
तुळईपासून तळघरापर्यंत
घर एकदाच, लांब, कण्हलं.

आतून लॉकलनचा आवाज:
"मर्डीना? ऐकलंस?"
"ऐकलं."
मग जरा वेळाने, अर्धवट झोपेत:
"पळायचं?"
"नको," मी शिडीवरूनच म्हटलं,
"झोप तू.
भार घेतोय तो."